यंत्राच्या पोटातले यंत्र

नागपूर शहराच्या पूर्व भागात, इतवारीच्या शेजारी, लकडगंज ही वस्ती आहे. गंज म्हणजे बाजार. तेव्हा लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार, हे वेगळे सांगायला नकोच. चंद्रपूर-बल्लारपूरकडचे सागवान येथे यावे, आरा मशीनवर चिरले जावे, आणि मग त्यातून कुठल्या घराची चौकट, कुठल्या शाळेचे बाक, कुठल्या देवळाचा दरवाजा घडावा, असा येथला व्यवहार.

आता समजा, उद्या कोणी या पेठेचा इतिहास लिहायचे मनात घेतले. तो प्रथम काय मागेल? व्यापाऱ्यांच्या वह्या मागेल. कीर्द, खतावणी, मालाची आवक-जावक. सागाच्या घनफुटाला कोणत्या साली काय भाव होता, दुष्काळाच्या वर्षी उधारी किती थकली, कोणकोणत्या तालुक्यांतून गिऱ्हाईक येई, हे सारे त्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहिलेले असते. बखरी आणि फर्माने यांत इतिहास असतो तसा तो पेढीवरच्या वहीतही असतो, आणि सामान्य माणसाचा इतिहास तर बहुधा तेथेच असतो.

आणि येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. 1950 सालची वही माळ्यावर सापडली आणि तिला वाळवी लागलेली नसली, तर ती आपण आजही उघडून वाचू शकतो. 1970 सालची वाचू शकतो. पण 1992 सालची? त्या सुमारास देशातल्या साऱ्याच पेठांत हिशेब हळूहळू संगणकावर जाऊ लागला. वहीच्या जागी फ्लॉपी आली. ती फ्लॉपी हातात घेऊन आपण कितीही उलटीसुलटी केली, तरी तिच्यावरचे एक अक्षर डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे आजोबांची वही वाचता येते आणि वडिलांची वाचता येत नाही! या कुलपाची किल्ली कोणती आणि ती कशी घडली, हे वाचकहो, आज आपल्याला पाहायचे आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच नवा नाही. मोडी लिपीचे उदाहरण घ्या. शेकडो वर्षे आपला सारा कारभार मोडीत चालला. पुढे छापखाना आला, शाळांतून बाळबोध लिपी रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून उठली. कागद दप्तरांत शाबूत राहिले, वाचणारे मात्र विरळ झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरचे रुमाल सोडून पाहिले, आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला. ते कागद वाचणारा माणूस होता म्हणून तो इतिहास उभा राहिला. अगदी अलीकडे, 2023 साली, कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांची एकाएकी गरज भासली. जुन्या कागदाचे मोल त्याचे काम पडते तेव्हाच कळते, आणि तोवर वाचणारा टिकला पाहिजे.

मोडी वाचायला माणूस लागतो. फ्लॉपीवरचा हिशेब वाचायला मात्र यंत्र लागते. तेही कुठलेही चालत नाही, ज्या यंत्राने तो लिहिला त्याच जातीचे लागते. म्हणून त्या यंत्राची थोडी हकीकत.

1981 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला छोटा, टेबलावर मावणारा संगणक बाजारात आणला. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, इंटेल कंपनीचा 8088 या नावाचा होता. त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला सुमारे 47 लाख 70 हजार. ऐकायला संख्या मोठी वाटते, पण आजच्या साध्या संगणकाचे ठोके सेकंदाला अब्जांनी मोजतात. या संगणकाकडून काम करून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे डॉस. ती टिम पॅटरसन नावाच्या अभियंत्याने सिएटलमधल्या एका लहान कंपनीसाठी लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने ती 1981 साली विकत घेतली आणि तिच्यावर आपल्या भाग्याची इमारत रचली. डॉसच्या प्रोग्रॅमला वापरायला मिळणारी स्मरणजागा साधारण 640 किलोबाइट. आज आपल्या फोनवर काढलेला एक बरा फोटो त्यात मावायचा नाही!

एवढ्याशा जागेत माणसांनी काय काय बसवले, ते पाहा. 1986 साली बंगळूरला श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी हिशेबाचा एक प्रोग्रॅम तयार केला. गोएंका स्वतः व्यवसायातले. आपल्या धंद्याचा हिशेब नीट ठेवील असे काही बाजारात मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाला त्यांनी ते लिहायला सांगितले. तोच पुढे 'टॅली' या नावाने देशभर पसरला. त्याचा पहिला अवतार डॉसवरचाच. याखेरीज डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर ही साधने होती. त्यांच्या आधारे शहराशहरांतली होतकरू मुले स्थानिक व्यापाऱ्याला, सहकारी संस्थेला, शाळेला हवा तसा प्रोग्रॅम लिहून देत. कापडवाल्याला कापडाचा, लाकूडवाल्याला लाकडाचा. ही आपल्याकडची एक मोठी न नोंदलेली कारागिरी होय. टॅलीचे नाव साऱ्यांना ठाऊक आहे. या कारागिरांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत.

मग हे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर का चालत नाहीत? डॉसचे प्रोग्रॅम 16 बिटांच्या बोलीत लिहिलेले. पुढे संगणक 32 बिटांचे झाले. 1985 साली इंटेलने 80386 हा प्रोसेसर काढला, त्यात जुन्या बोलीसाठी एक खास व्यवस्था ठेवली होती. त्यामुळे 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीपर्यंत, आणि 32 बिटांच्या विंडोजवर त्यानंतरही, डॉसचे पुष्कळ प्रोग्रॅम चालत. पण प्रोसेसर 64 बिटांच्या पद्धतीने चालू लागला की ती जुनी व्यवस्था बंद पडते. 2021 साली आलेले विंडोज 11 तर फक्त 64 बिटांचेच आहे. त्यावर जुन्या प्रोग्रॅमचे नाव घेतले, तर संगणक सरळ 'हे येथे चालणार नाही' म्हणून सांगतो. पुढचे दार असे बंद झाले.

परसदार मात्र उघडे होते, आणि तेही फार जुने. त्यासाठी आपल्याला डॉसच्याही मागे जावे लागेल. 1964 च्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी आयबीएमच्या संशोधकांनी एक योजना हाती घेतली. त्या काळी संगणक खोलीभर असे आणि त्याची किंमत प्रचंड. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर एकाचा गोंधळ दुसऱ्याला बाधू नये, हा प्रश्न होता. त्यांनी तोड काढली ती अशी : एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक खोटी यंत्रे उभी करायची. प्रत्येकाला वाटावे की, सारे यंत्र माझे एकट्याचेच आहे. ही पद्धत तेथे 1967 सालच्या जानेवारीत प्रत्यक्ष वापरात आली, आणि 1972 साली आयबीएमने ती आपल्या मोठ्या संगणकांसाठी रीतसर बाजारात आणली. अशा खोट्या यंत्राला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. मराठीत आपण आभासी यंत्र म्हणू.

आपल्याकडच्या वाड्याचा दाखला घ्या. वाड्याचा मालक यजमान. त्याने एक खोली पाहुण्याला दिली. पाहुणा त्या खोलीत आपला संसार मांडतो, आपल्या रीतीने राहतो. विहीर, कोठार, दिंडीदरवाजा यांची किल्ली मात्र यजमानाकडे. पाहुण्याला काही लागले की तो मागतो, यजमान ते आणून देतो, आणि पाहुण्याला वाटते की विहीर आपल्याच खोलीत आहे! संगणकाच्या शास्त्रातही याला यजमान आणि पाहुणा असेच म्हणतात. 1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी याचे नियम मांडले : पाहुण्याचे वागणे खऱ्या यंत्रावर असते तसेच राहिले पाहिजे, बहुतेक काम फारसा वेळ न गमावता झाले पाहिजे, आणि साऱ्या साधनांवर ताबा यजमानाचाच पाहिजे.

छोट्या संगणकावर ही युक्ती यायला पुढे बराच काळ गेला. 1999 साली व्हीएमवेअर या कंपनीने तसा प्रोग्रॅम आणला. 2005-06 च्या सुमारास इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच यजमानपणाची सोय घातली. 2007 साली व्हर्च्युअलबॉक्स आला. त्याचा मुख्य भाग कोणालाही विनामूल्य वापरता येतो. आता पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचे? हवे तर डॉसला बोलवा. मूळ डॉस नसेल तर 'फ्रीडॉस' आहे. जिम हॉल या विद्यार्थ्याने 1994 साली त्याची घोषणा केली. तो सर्वांना मोफत खुला आहे. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या काही जुन्या डॉस आवृत्त्यांचा मूळ मजकूर अभ्यासासाठी प्रसिद्ध केला आहे, त्यातली चौथी आवृत्ती 2024 साली खुली झाली.

याहून निराळी अशी दुसरी एक वाट आहे, तिला 'एम्युलेटर' म्हणतात. आभासी यंत्रात पाहुण्याचे बोलणे खरा प्रोसेसर थेट ऐकतो. एम्युलेटरमध्ये मध्ये एक दुभाषा बसतो. जुन्या यंत्राची एकेक आज्ञा ऐकायची आणि नव्या यंत्राला समजावून सांगायची. काम सावकाश होते, पण डॉस मुळातच इतका लहान की ते जाणवत नाही. 2002 साली निघालेला 'डॉसबॉक्स' हा असा दुभाषा आहे. तो मुख्यतः जुने खेळ खेळता यावेत म्हणून काही हौशी मंडळींनी लिहिला. गंमत पाहा, पोरांच्या खेळासाठी केलेली वस्तू पेढीच्या हिशेबाला उपयोगी पडली!

हा सावकाशपणा कधीकधी गुणच ठरतो. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले काही जुने प्रोग्रॅम वेगवान यंत्रावर सुरू होताक्षणीच मोडतात. यंत्र किती वेगाने चालते हे ते आरंभी मोजतात, आणि उत्तर इतके मोठे येते की भागाकार त्यांच्या आवाक्यात राहत नाही. बैलगाडीच्या चालीवर बेतलेला हिशेब मोटारीला लावावा, तसे ते होते. डॉसबॉक्समध्ये यंत्राची चाल मुद्दाम कमी करता येते. छपाईचीही अशीच कथा. जुना प्रोग्रॅम टाइपराइटरसारख्या टकटक करणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला रुंद जोडणीतून अक्षरे पाठवी. आजच्या बहुतेक संगणकांना ती जोडणीच नसते. डॉसबॉक्स-एक्स या सुधारलेल्या आवृत्तीत ही छपाई अडवून साध्या फाईलमध्ये उतरवण्याची सोय केलेली आहे.

येथवर सारे सोपे वाटेल. पण वाचकहो, आपला खरा प्रश्न पुढेच आहे. तो मराठीचा आहे.

डॉस इंग्रजीत जन्मला. त्याला देवनागरी ठाऊक नव्हती. ती त्याला शिकवण्याचे काम आपल्याच लोकांनी केले. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' नावाचे तंत्र विकसित केले. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि ते काम तेथे पुढे वाढले. जिस्ट हे एक कार्ड होते, म्हणजे संगणकाचे झाकण उघडून आत बसवायची एक पाटी. ते बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी लिहिता-वाचता येई. त्यासाठी भारतीय लिप्यांचे एक सांकेतिक कोष्टक ठरले, त्याला 'इस्की' म्हणतात. 1991 साली त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. या कोष्टकात 'क' या अक्षराचा क्रमांक 179 आहे.

आता पाहा. ते कार्ड नसलेल्या डॉसच्या पडद्यावर 179 हा क्रमांक आला तर काय दिसते? एक उभी रेघ. 180 हा 'ख'. त्याच्या जागी डावीकडे फाटा फुटलेली रेघ दिसते. कारण मूळ यंत्राने ते क्रमांक चौकटी आखण्यासाठी राखून ठेवले होते. म्हणजे आपण डॉसबॉक्स चालवला, जुनी फाईल उघडली, तर 'कमला'च्या नावाऐवजी पडद्यावर रेघा आणि चिन्हे उमटतील. माणूस म्हणेल, फाईल बिघडली. फाईल मुळीच बिघडलेली नसते. बाकी सारे यंत्र नव्याने उभे राहिले, पण त्यातली देवनागरीची पाटी तेवढी राहिली, इतकेच. खेळांसाठी एम्युलेटर लिहिणाऱ्या परदेशी हौशी माणसाला जिस्ट कार्डाची आठवण का व्हावी? ती आपल्यालाच व्हायला हवी.

सुदैवाने येथे मार्ग आहे. जगभर आज जे युनिकोड चालते, त्यातली भारतीय लिप्यांची मांडणी 1988 च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. 'क'चा युनिकोड क्रमांक 2325. एका कोष्टकावरून दुसऱ्यावर जायचे तर पहाड फोडावा लागत नाही. थोडे अपवाद सांभाळून अक्षरास अक्षर लावत जायचे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून महाविद्यालयात करून घेण्याजोगा हा पाठ आहे. मात्र मजकूर इस्कीत असला तरच हे साधते. त्या काळी काही प्रोग्रॅमांनी आपापले खासगी क्रमांक योजले होते, आणि तेथे तो मूळ प्रोग्रॅम चालवून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

कोणी विचारील, एवढी उठाठेव कशाला? आकडे तेवढे काढून घेतले म्हणजे झाले. डीबेसची फाईल आजच्या लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडतेही. हे खरे. पण नुसत्या आकड्यांनी काय होते, ते लाकडाच्याच हिशेबातून पाहू.

लठ्ठ्याचे माप घेण्याची रूढ रीत अशी : दोरीने गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. गोलाई 48 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर चौथा भाग 12 इंच, म्हणजे एक फूट, त्याचा वर्ग एक, गुणिले दहा. माप झाले 10 घनफूट. भूमितीने काढाल तर तेच लाकूड सुमारे 12.73 घनफूट भरते. चिरताना भुसा आणि साल जाते, त्याची वजावट त्या रीतीतच धरलेली असते. आता गोलाई 50 इंच असेल तर? नियमाने साधारण 10.85 घनफूट. पण समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने मालकाच्या सांगण्यावरून तीन-तीन इंचांचे टप्पे धरले आणि वरचे इंच सोडून दिले, तर 50 चे 48 होतात आणि माप पुन्हा 10 वरच येते. शंभर लठ्ठ्यांमागे 85 घनफुटांचा फरक!

आता फाईल उघडली तर तीत काय सापडेल? फक्त 'जी', 'एल', 'क्यू' अशा मथळ्यांचे रकाने. त्या फाईलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची मुभा असे, म्हणून सारी नावे तोडकी. टप्प्यांचा नियम रकान्यात नसतो. तो प्रोग्रॅमच्या पोटात असतो. प्रोग्रॅम चालवून, त्यात 50 ही गोलाई घालून, उत्तर काय येते ते पाहावे तेव्हा पेठेची रीत कळते. वहीत आकडे असत आणि रीत मुनीमजींच्या डोक्यात असे. मुनीमजी गेले की रीत गेली. प्रोग्रॅम म्हणजे जणू मुनीमजीच फ्लॉपीत बसलेले. त्यांना पुन्हा बोलते करता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी संधी पूर्वी कधी मिळाली नव्हती.

परंतु ही संधी फार दिवस थांबणारी नाही. फ्लॉपीवरचे लेखन लोहचुंबकीय असते. दमटपणा, बुरशी आणि काळ यांनी ते पुसट होत जाते. बाजारात मिळणारी, बाहेरून जोडायची फ्लॉपी-यंत्रे साडेतीन इंची फ्लॉपीच वाचतात. त्याआधीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी जुनेच यंत्र शोधावे लागते. काही प्रोग्रॅमना चोरी टाळण्यासाठी डोंगल नावाची किल्ली जोडलेली असे; ती हरवली तर प्रोग्रॅम असून नसल्यासारखा.

तेव्हा गावोगावच्या शिक्षक बंधुभगिनींना आणि सहकारी संस्थांच्या चिटणीसांना एवढेच सुचवावेसे वाटते. शाळेच्या, दूध संस्थेच्या, सेवा सोसायटीच्या कपाटात जुनी फ्लॉपी किंवा बंद पडलेला संगणक असेल, तर तो भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून आतल्या मजकुराची हुबेहूब नक्कल करून घ्यावी. मूळ फ्लॉपीवर काहीही लिहू नये. आकड्यांच्या फाईलबरोबर प्रोग्रॅम, त्याची पुस्तिका आणि परवान्याचा कागद एकत्र ठेवावेत. आभासी यंत्रात तो चालवताना इंटरनेटची जोडणी तोडलेली असावी. त्या जुन्या प्रोग्रॅमला आजच्या चोरांची ओळख नाही. लोकांची देणी-घेणी आणि खासगी नोंदी त्यात असतात, त्या चव्हाट्यावर येणार नाहीत याची काळजी घ्यावी. आणि तो प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो कारागीर अजून गावात, शहरात असेल, तर त्याला बोलावून त्याच्याकडून हिशेबाच्या रीती साध्या वहीत, शाईने, मराठीत लिहून घ्याव्यात.

विद्यार्थ्यांनाही हे काम दाखवावे. नव्या संगणकाच्या पडद्यावर 1990 सालची काळी चौकट उघडते, डाव्या बाजूला एक छोटीशी रेघ लुकलुकते आणि यंत्र हुकमाची वाट पाहत थांबते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. मोडीचा कागद त्यांच्या हाती द्यावा, शेजारी ही फ्लॉपी ठेवावी, आणि दोन्ही कशा वाचायच्या ते शिकवावे. लकडगंजच्या पेठेचा इतिहास लिहिणारा जेव्हा कधी येईल, तेव्हा त्याला 1950 ची वही मिळावी आणि 1992 चीही मिळावी, एवढी तजवीज आजच्या पिढीने करून ठेवली पाहिजे.